अडलेलं वाक्य

१

नाटकात सगळ्यात जास्त कोण बोलतं असं विचारलं, तर लोक नायकाकडे बोट दाखवतील. साफ चूक! सगळ्यात जास्त बोलते विंगेत बसलेली प्रॉम्प्टर. सगळ्यांची वाक्यं तिच्या मांडीवर, सगळ्यांची वाक्यं तिच्या ओठांवर, आणि कुणाचं अडलं की तिनं ते हळूच पुढे सरकवायचं. टाळ्या पुन्हा ज्याचं अडलं त्यालाच. पण ताईंची त्याबद्दल कधी कुरकुर नव्हती. मंडळीतले सगळे त्यांना ताईच म्हणत, वयानं मोठे असलेले दिग्दर्शक मास्तरसुद्धा. विंगेतली लाकडी खुर्ची ताईंची. ती किंचित तिरकी ठेवलेली असायची, म्हणजे आपल्याला रंगमंच दिसावा आणि प्रेक्षकांना आपण मुळीच दिसू नये. संहिता मांडीवर, बोट ओळीखाली. एवढ्या वर्षांत कुणाचं वाक्य त्यांनी हवेत लटकू दिलं नव्हतं, आणि त्यांना गर्व असलाच तर तेवढा एकच होता.

घरी मात्र ताईंच्या तोंडाला आणि कानांना पूर्ण सुट्टी. यजमान नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ नाकासमोर चालणारे गृहस्थ. 'हो', 'नाही' आणि 'मीठ कमी आहे', इथे त्यांचं शब्दभांडार संपायचं. मोठं वाक्य बोलायचंच झालं तर आधी दोनदा घसा खाकरणार, मग छताकडे बघणार, तोवर समोरच्याची गाडी सुटलेली. मंडळीतल्या विनोदी नटाला सगळे पोटोबा म्हणत. त्यानं यजमानांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. ताई हसायच्या. हसण्यावारी नेलं नाही तर संसार होतो कसा?

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. पिलू दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हा निघताना दारात थांबून आईला म्हणाली होती, "बाबा एकदा नुसतं 'जाऊ नको' म्हणाले असते ना, तर मी थांबले असते गं." यजमान खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. पिलू गेली, आणि हळूहळू तिचं येणंही कमी झालं.

तर असं हे घर. आणि एके सकाळी, चहाचा कप हातात घेऊन यजमान म्हणाले, "तुझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटतच नाही बघ."

ताईंच्या हातातली गाळणी सिंकमध्ये पडली.

२

"ताई, डॉक्टरला दाखवा त्यांना," पोटोबा तालमीत म्हणाला. "या वयात नवरा गोड बोलायला लागला की दोनच कारणं असतात. एक तर ताप, नाही तर शेजारीण."

सगळे खो खो हसले. ताईही लाजून हसल्या. त्या दिवसांत त्यांची पावलं जमिनीवर नव्हती. यजमान रोज काहीतरी बोलत. कधी ताईंच्या आवाजाचं कौतुक, कधी जुन्या भाड्याच्या खोलीतल्या आठवणी, एकदा तर चक्क म्हणाले, "तुला वेळेवर सांगायला हवं होतं असं बरंच काही राहून गेलं." ताई मोरीत जाऊन रडल्या. उशिरा का होईना, आपलंही नशीब उघडलं, असं त्यांना वाटलं.

मंडळी तेव्हा एक शोकांतिका बसवत होती. आयुष्यात कधीही खोटं न बोललेली एक बाई. तिला एक दिवस तिच्या भावाबद्दल प्रश्न विचारला जातो, ती खरं ते सांगते, आणि भाऊ फासावर जातो. बाईची भूमिका करणारी मुलगी बारकीशी, चुणचुणीत. तिला सगळे चिमणी म्हणत. ती मास्तरांशी वाद घालत होती.

"मास्तर, शेवटी मी मरतच नाही. नुसती खुर्चीत बसून राहते. मग ही शोकांतिका कसली?"

"आणि खरी शोकांतिका म्हणजे मध्यंतरात चहा संपणं," पोटोबानं मध्येच टोला मारला.

मास्तर हसले नाहीत. तोंडातली सुपारी त्यांनी गालात सरकवली. "मरण म्हणजे शोकांतिका नव्हे, बाळ. मरण काय, कौल डोक्यात पडूनही येतं. दुष्ट माणसानं कुणाचा गळा कापला, ती बातमी. मूर्ख माणूस खड्ड्यात पडला, ते प्रहसन. शोकांतिका कधी होते? माणसातला जो सगळ्यात चांगला गुण, ज्याच्यासाठी आपण त्याला मान देतो, त्याच गुणानं तो आपल्या माणसाचा घात करतो, तेव्हा. आणि आजूबाजूच्यांना ते आधीपासून दिसत असतं."

"मग ते सांगत का नाहीत त्याला?" चिमणीनं विचारलं.

"सांगितलं तर नाटक होत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दुसरा अंक घ्यायला सांगितला.

३

ती गोष्ट पहिल्यांदा घडली तेव्हा संध्याकाळचे दिवे नुकते लागले होते. ताई तालमीहून परतल्या, चपला काढल्या, आणि बैठकीच्या खोलीत आल्या. यजमान आपल्या नेहमीच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली.

"आज तू..." असं म्हणून ते अडले.

प्रॉम्प्टरला अडलेला माणूस लांबून ओळखू येतो. त्याची नजर समोरच्यावरून सुटते आणि विंगेकडे जाते. यजमानांची नजर ताईंच्या खांद्यावरून मागे गेली, पिलूच्या खोलीच्या दाराकडे. दार लोटलेलं होतं. आणि त्या पोकळीत ताईंनी ऐकलं:

"दमलेली दिसतेस. बस जरा, भांडी मी घासतो."

हलका, सपाट, कोरडा आवाज. शब्द सुटे सुटे आणि स्वच्छ, पण त्यांत जीव नव्हता. प्रॉम्प्टर वाक्यात भावना घालत नाही, तो नटाचा प्रांत. आवाज बाईचा होता की पुरुषाचा, तेही कळत नव्हतं.

"आज तू दमलेली दिसतेस," यजमान प्रेमानं म्हणाले. "बस जरा, भांडी मी घासतो."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाला. ताई उभ्याच्या उभ्या होत्या. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. ऐकलेलं नाकारायला ते अर्ध्या क्षणात शंभर कारणं गोळा करतं. शेजारचा रेडिओ असेल. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटून आपल्याच डोक्यात ती घुमत असतील. आणि भांडी तर खरोखरच घासली जात होती की!

४

कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, मळ काढला, आणि वयाच्या मानानं कान उत्तम आहेत असं सांगितलं. ताईंना त्यातून मुळीच धीर आला नाही. कान उत्तम असतील, तर मग ऐकू येतं ते खरं.

त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. यजमान झोपले असताना त्यांच्या कानात फोनची बारीक गुंडी वगैरे आहे का तेही पाहिलं. हसू नका, चांगली शहाणी बाई अशा वेळी काय काय करते ते ज्याचं त्याला माहीत. कानात काही नव्हतं. घोरणं मात्र जुनंच होतं, आणि ते ऐकून ताईंना उगाच बरं वाटलं.

पण दिवसा, दरवेळी तेच. यजमान साधं काही बोलायचे, 'पेपर आला का', 'पाणी गेलं', तेव्हा काही नसे. गोड बोलायची वेळ आली की नजर त्या दाराकडे, मध्ये पोकळी, कोरडी कुजबूज, आणि मग मधात घोळलेलं वाक्य. ताईंना सगळ्यात आधी भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. आधी लागला तो अपमान. चहाचं ते वाक्य, जुन्या खोलीच्या आठवणी, 'राहून गेलं' म्हणालेले ते शब्द, ज्यांच्यासाठी त्या मोरीत जाऊन रडल्या, ते सगळे उसने? केसानं गळा कापावा तसं झालं त्यांना.

एके दुपारी यजमान दाढीचं सामान आणायला बाहेर पडले, तेव्हा ताईंनी पिलूच्या खोलीचं दार ढकललं. खोलीत कुणीच नव्हतं. पलंग, त्यावर गुंडाळलेली गादी, भिंतीला टेकवलेलं टेबल, बंद खिडकी, धुळीचा वास. सगळं जागच्या जागी. फक्त टेबलापाशी असायची ती खुर्ची दाराजवळ आली होती. भिंतीआड, किंचित तिरकी. ताई तिच्यावर बसल्या नाहीत, नुसत्या तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि वाकून बघितलं. दाराच्या फटीतून यजमानांची खुर्ची बरोबर दिसत होती. बैठकीतून मात्र ही जागा कुणालाही दिसली नसती.

त्यांनी खुर्ची ओढून टेबलाशी लावली. हात लावला तेव्हा बैठक कोमट लागली. खिडकी बंद होती, ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा दाराशी होती.

आणि त्या दिवसापासून यजमानांच्या गोड बोलण्याला एक वळण लागलं. कुठूनही सुरुवात होवो, शेवट एकच. "पिलूला बोलाव ना. तिची खोली तिची वाट बघतेय."

५

ताईंनी शेवटी यजमानांना घराबाहेर नेऊन विचारलं. रस्त्याच्या टोकाला एक बाग होती, तिथल्या बाकावर. घरात जे काही असेल त्याला तिथलं ऐकू येणार नाही असा त्यांचा हिशेब.

"अहो, खरं सांगा. हे जे तुम्ही हल्ली बोलता ना, ते तुमचे शब्द असतात का?"

यजमानांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. बागेत पोरं चेंडू खेळत होती, तो चेंडू दोनदा बाकापर्यंत येऊन परत गेला. ताईंनी वाट पाहिली. हा खरा नवरा, हे त्यांना पटलं.

"नाही," यजमान म्हणाले.

"मग कोणाचे?"

"माहीत नाही. मी... बघितलं नाही कधी. बघावंसं वाटत नाही." त्यांची बोटं एकमेकांत अडकली होती. "मला जमत नाही गं. तुला माहीत आहे. आत सगळं असतं, पण तोंडापर्यंत येईस्तो... आणि ते आयतं मिळायला लागलं."

"आणि तुम्ही घेतलंत? तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"तू हसायचीस," यजमान म्हणाले. "आपलं लग्न झाल्यापासून तू एवढी कधी हसली नव्हतीस."

रडावं की या माणसाच्या थोबाडीत द्यावी, तेच ताईंना कळेना.

"पिलूचं काय आहे त्यात? तिला का बोलवायचंय?"

यजमानांनी मान हलवली. पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ताईंनी ओळखलं की यांना काहीतरी माहीत आहे, निदान अंदाज आहे. "मी बोलावणार नाही," ते म्हणाले. "पिलूला मी... नाही बोलावणार."

ताईंनी त्यांचा हात धरला. दोघं तसेच अंधार पडायच्या आत घरी परतले. दाराचं कुलूप उघडताना यजमानांचा हात मात्र ताईंच्या हातातून सुटला.

६

सांगायचं कुणाला? सख्खा भाऊ नाही, आणि शेजारणीला सांगावं तर गावभर बोभाटा. ताईंना एकच माणूस आठवला. मास्तर. त्यांच्या हाताखाली ताईंची उमेदीची वर्षं गेली होती. ताईंच्या बाळंतपणात मास्तरांनी तालमी पुढे ढकलल्या होत्या, आणि 'माझी पाठची बहीण' म्हणून ते चारचौघांत त्यांची ओळख करून देत.

तालीम सुरू व्हायच्या आधी, मंडळी जमली नव्हती तेव्हा, ताई नाट्यगृहात गेल्या. मास्तर रंगमंचावर एकटेच टेबल सरकवत होते. ताईंनी सगळं सांगितलं. खुर्ची, कुजबूज, पिलूची खोली. सांगताना त्यांचं त्यांनाच वेडगळ वाटत होतं. मास्तर हसतील, 'ताई, चार दिवस सुट्टी घ्या' म्हणतील, आणि आपण पण हसू, अशी त्यांना मनातून फार आशा होती.

मास्तर हसले नाहीत. त्यांना नवलही वाटलं नाही. ते पांढरेफटक पडले, आणि टेबलाची कड धरून घाईघाईनं म्हणाले, "ताई, लेकीला सांगा, काहीही झालं तरी..."

आणि ते अडले.

त्यांची नजर ताईंवरून सुटली. विंगेकडे गेली. ताईंच्या विंगेकडे. तिथून, जिथे या घटकेला कुणीही असायला नको होतं, तिथून तो कोरडा आवाज आला. ताईंना तो आता पाठ झाला होता.

"घरी बोलवून घ्या. घरात माणूस असलं की मनाला बरं वाटतं."

मास्तरांचा चेहरा निवळला. "घरी बोलवून घ्या," ते मायेनं म्हणाले. "घरात माणूस असलं की मनाला बरं वाटतं, ताई."

ताईंनी वळून पाहिलं. काळ्या पडद्याची कड आणि भिंत यांच्यामध्ये त्यांच्या खुर्चीचा एवढासा तुकडा दिसत होता. खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं. तोंड पडद्याआड होतं. दिसले ते गुडघे आणि एक हात. मांडीवर पुस्तक नव्हतं, कागद नव्हता, काहीच नव्हतं. तरी तर्जनी त्या रिकाम्या मांडीवरून संथ सरकत होती, ओळीखालून सरकावी तशी. टोकाला गेली, परत आली, आणि पुढच्या ओळीवर थांबली.

"कधीपासून, मास्तर?" ताईंनी विचारलं. "तुमच्या तोंडी कधीपासून?"

मास्तर पुन्हा विंगेकडे बघत होते, ताटावर बसलेलं पोर वाढपाची वाट बघतं तसे. ताई धावत बाहेर पडल्या. भर रस्त्यात, उन्हात, वाहनांच्या गर्दीत त्यांना रडू कोसळलं. एवढ्या वर्षांत या माणसानं आपल्याला दिलेला धीर, 'पाठची बहीण' म्हणणं, त्यातलं आपलं किती आणि पुरवलेलं किती? आता कुणाला विचारणार?

७

त्यांनी तिथूनच पिलूला फोन लावला.

"पिलू, नीट ऐक. इकडे यायचं नाही. मी सांगेपर्यंत यायचं नाही."

"अगं पण माझं तिकीट काढून झालं. रविवारी येतेय. बाबांचा फोन आला होता काल."

ताई रस्त्याच्या कठड्यावर बसल्या. काल त्या तालमीला गेल्या होत्या. घरात यजमान एकटे होते. एकटे तरी कसे म्हणायचं!

"काय म्हणाले?"

"आई, बाबा रडले गं." पिलूचा आवाज भरून आला होता. "म्हणाले, तू गेलीस त्या दिवशी मी खिडकीशी उभा होतो, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. म्हणाले, तुझ्याशी बोलायचं राहिलंय, ते बोलून घेऊ दे. मी आयुष्यभर वाट बघितली याची. तुला माहीत आहे ना?"

"पिलू, ते शब्द बाबांचे नाहीत."

"म्हणजे?"

काय सांगणार? तुझ्या खोलीत कुणीतरी बसलंय आणि ते तुझ्या बापाला वाक्यं पुरवतंय? ताईंनी तरीही सांगायचा प्रयत्न केला.

"आई," पिलू शेवटी म्हणाली, "बाबा माझ्याशी बोलले, ते तुला बघवत नाहीये का?"

"अगं, काहीतरीच काय..."

"रविवारी येते," पिलू म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर ताईंनी कितीदा तरी फोन लावला. तिनं उचलला नाही. हट्टाच्या बाबतीत ती अगदी आईवर गेली होती.

८

रविवारी सकाळी ताईंनी पिलूच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. ठरवलं होतं ते साधं होतं. पोरगी आली की दारातूनच तिला धरायचं, परत वळवायचं, गळ्याची शपथ घालायची, पाया पडायचं. काहीही करून तिला त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. बाकी काही का होईना.

दुपारी ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तो कुलूप कडीला उघडं लटकत होतं. यजमान आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. जवळ हत्यारांच्या पेटीतला जुना पाना पडलेला.

"अहो! काय केलंत हे?"

"सांगितलं म्हणून," यजमान म्हणाले. "फोनसुद्धा... मी केला नाही गं. म्हणजे, मीच केला."

"बागेत काय म्हणाला होतात? तोंडानं म्हणाला होतात ना माझ्यापाशी?"

त्यांनी वर पाहिलं नाही. आणि तेवढ्यात बेल वाजली. ताई धावल्या, पण पिलूकडे घराची किल्ली होतीच. दार उघडून ती आत आलीसुद्धा. खांद्याला पिशवी, हातात बॅग, प्रवासानं चेहरा सुकलेला, आणि त्या चेहऱ्यावर लहानपणी असायची तसली आशा. तिनं आईकडे पाहिलंच नाही. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आले मी."

"पिलू, आत्ताच्या आत्ता माघारी फिर," ताई म्हणाल्या. त्यांनी तिचा दंड धरला. पिलूनं तो हळूच सोडवून घेतला.

"आई, एक मिनिट. बाबांना बोलू दे. एकदा तरी."

यजमान उठून उभे राहिले. खोलीत आवाज नव्हता. बाहेर रस्त्यावरून एक स्कूटर गेली आणि तिचा आवाज विरला. यजमानांनी तोंड उघडलं. लोटलेल्या दाराआडून कुजबूज आली, स्वच्छ, संथ:

"जा बाळ, बॅग आत ठेव. तुझी खोली झाडून ठेवलीय."

यजमानांनी ते म्हटलं नाही.

त्यांनी घसा खाकरला. कुजबूज पुन्हा आली, तीच, तेवढ्याच आवाजात. यजमानांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पुन्हा घसा खाकरला. छताकडे पाहिलं. मग ते लेकीकडे बघत राहिले, डोळे भरून, तोंड अर्धं उघडं. पिलूही त्यांच्याकडे बघत होती, जीव डोळ्यांत आणून. दाराआडचा आवाज थांबला. आता तिकडूनही काही येईना.

अशी शांतता तुम्ही-आम्ही सोसू शकतो. रंगमंचावर दिवे पेटलेले, समोर माणसं श्वास धरून बसलेली, नट तोंड उघडून उभा, आणि वाक्य नाही, ही शांतता प्रॉम्प्टरला सोसत नाही. ती तिच्या हाडांत भरते. ताईंच्या मनात पिलूला ओढून बाहेर न्यायचं होतं, ओरडायचं होतं, ते सगळं तसंच होतं. पण त्यांचा गळा त्यांचं ऐकत नव्हता. तो आयुष्यभर एकच काम शिकला होता. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघालं, हलकं, सपाट, शब्द सुटे सुटे:

"जा बाळ, बॅग आत ठेव."

पिलूनं चमकून आईकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम खुलला. आईचा राग गेला, असंच तिला वाटलं असणार.

"हो, ठेवते," ती म्हणाली. दोन ढांगांत ती दाराशी पोचली, दार ढकललं, आणि ताईंचा हात पुढे होईपर्यंत आत गेली. दार तिच्यामागे आपसूक लोटलं गेलं.

"परत..." यजमान म्हणाले. "परत जा. परत जा, पिलू."

त्यांचा आवाज घोगरा होता, वाक्य अर्धवट, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी अडलो नव्हतो गं," ते म्हणाले. "शब्द शोधत होतो. सापडला होता. मला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे ना? जराशी थांबली असतीस."

ताई दारावर धडकल्या. दार सहज उघडलं. त्याला आतून कडीसुद्धा घातलेली नव्हती. बॅग पलंगावर नीट ठेवलेली होती. पिलू खोलीच्या मधोमध उभी होती, दाराकडे तोंड करून. दाराआडच्या त्या जागेकडे ताईंनी पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. तिथे कापडाची सळसळ झाली होती.

"पिलू," ताई म्हणाल्या, "बाळा, बरी आहेस ना? बोल माझ्याशी. काहीही बोल."

पिलूनं तोंड उघडलं. तिची नजर आईवरून सुटली आणि दाराआड गेली. तिथून ती कोरडी कुजबूज आली:

"मी बरी आहे, आई. तूच म्हणालीस म्हणून आले."

"मी बरी आहे, आई," पिलू हसून म्हणाली. "तूच म्हणालीस म्हणून आले."

आवाज गोड होता, हसू गोड होतं. फक्त वाक्य संपल्यावर तिचे डोळे पुन्हा आईकडे वळले आणि तिथेच रोखून राहिले. त्या डोळ्यांत जे होतं, ते मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.